पेट्रोलचा वास येतोय? रेसच्या गाडीत या चुका टाळा

उद्यमबागेत, म्हणजे आमच्या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, होज (नळी) क्रिंप करून, म्हणजे टोकाला फिटिंग दाबून बसवून मिळते, फिटिंग लेथवर कापून मिळतं, टाकी वाकवून मिळते. तेही चहा पिऊन होईतो. बेळगावात घरच्या घरी रेसची गाडी बांधणाऱ्यांचं त्यामुळे फावतं, आणि फ्युएल लाईनमध्ये, म्हणजे टाकीपासून इंजिनपर्यंतच्या पेट्रोलच्या नळीत, आपण फसतो तेही त्यामुळेच.

माझंच सांगतो. कार्बोरेटरच्या जुन्या मारुतीत एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारं इंजिन बसवलं. कार्बोरेटरच्या लाईनला प्रेशर जेमतेम पाव बार, इंजेक्शनला ३ बार. म्हणून जुनी रबरी नळी काढली (अनेकजण तीच ठेवतात, ही पहिली चूक) आणि एका हायड्रॉलिकवाल्याकडून जाळीची होज करून आणली. "काय होतंय ओ तिला? दोनशे बार खाते ती, तुमचं तीन!" त्या हायड्रॉलिकवाल्या मामांचा हिशोब मलाही पटला.

महिन्याभरानं सकाळी शटर उघडलं की वास. पांढरं फडकं होजवरून फिरवलं, कोरडंच. पण फडक्याला पेट्रोलचा वास. होज कापली तर आतलं अस्तर मऊ पडलेलं, बोट फिरवलं तर काळं. ती होज हायड्रॉलिक तेलासाठी बनलेली. पेट्रोल, त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, तसल्या रबरात मुरतं, त्याला फुगवतं आणि वाफ होऊन बाहेर येतं. प्रेशरचा इथं संबंधच नाही. वरच्या स्टीलच्या जाळीमुळे आतलं दिसत नाही, हे आणखी वाईट.

नळीवर एसएई जे३० आर९ (पेट्रोलच्या नळीचा इंजेक्शनसाठीचा दर्जा) असं छापलेलं बघून घ्या. आर७ कार्बोरेटरपुरती. टाकीत बुडणाऱ्या पंपाला मात्र आर९ही चालत नाही, कारण ती बाहेरून पेट्रोल सोसायला केलेली नसते. तिथं आर१० लागते. काही झालं तरी छाप पाहिजे.

जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. फ्लेअर फिटिंग (तिरक्या तोंडाचा जोड) कोनावर घट्ट बसून गळती थांबवतं, आट्यांवर नाही. टेपचा तुकडा सुटला तर थेट इंजेक्टरच्या जाळीत. खाचांची साधी होज क्लिप जास्त आवळली की रबर कापते, तिथं फ्युएल इंजेक्शनची गुळगुळीत क्लिप घ्या. तांब्याची नळी कंपनानं कडक होऊन चिरते, म्हणून नको. आणि प्रेशर गेज बघायचा म्हणून पेट्रोलची नळी डॅशबोर्डपर्यंत आणणारे भेटतात. सेन्सर बाहेर ठेवा, आत फक्त वायर आणा.

आता नेहमीची तक्रार: तिसऱ्या-चौथ्या लॅपला गाडी धापा टाकते, पंप किंचाळतो. थांबवून टाकीचं झाकण सैल केलं की 'फुस्स' करून हवा आत जाते आणि गाडी पुन्हा बरी चालते. पंप बदलू नका, ब्रीदर, म्हणजे टाकीत हवा जायची वाट, बंद आहे. पावसाळाभर उभ्या गाडीच्या ब्रीदरमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं मी काढलंय. खानापूर बाजूची तांबडी धूळही हेच करते. पण म्हणून झाकण सैल ठेवूनच पळवणं हा शुद्ध वेडेपणा. गाडी उलटली की पेट्रोल तुमच्या पाठीवर. ब्रीदरला रोलओव्हर व्हॉल्व्ह (गाडी उलटली की आपोआप बंद होणारा) बसवा आणि त्याचं टोक केबिनच्या बाहेर, सायलेन्सरपासून लांब काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. ठिणगी नेमकी तिथंच असते.

त्याच कारणानं टाकीला वेल्डिंग मारायला सांगू नका, 'रिकामी आहे' म्हणून तर मुळीच नाही. भरलेल्या टाकीपेक्षा वाफ भरलेली रिकामी टाकी जास्त घातक.

राहिला किल स्विच, म्हणजे संकटात गाडी बंद करायचा स्विच. बहुतेकजण फक्त बॅटरीची वायर तोडतात. चालू इंजिनला अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) वीज देत राहतो, म्हणजे इंजिन चालू, पंपही चालू, आणि फुटलेल्या नळीतून ३ बारनं फवारा. स्विच असा घ्या की बॅटरीसोबत इग्निशनही तुटेल. गाडी आयडलवर ठेवून स्विच फिरवा. इंजिन बंद पडलं नाही, तर त्या दिवशी गाडी ट्रेलरवरून उतरवू नका.