प्राणिसंग्रहालयाचा नकाशा: आधी चिठ्ठ्या, मग रेघा

प्राण्यांच्या वर्गीकरणाच्या प्रकल्पात प्राणिसंग्रहालयाचा नकाशा काढताना मुलं आधी पिंजरे रंगवतात आणि मग वटवाघूळ पक्ष्यांत गेलं म्हणून अख्खा कागद खोडत बसतात. त्यापेक्षा असं करा:

१. एका चिठ्ठीवर एकच प्राणी. मागच्या बाजूला खुणा: अंगावर केस, पिसं की खवले, श्वास कशाने, पिल्लाला दूध पाजतो का.

२. नावाची बाजू खाली ठेवून, फक्त खुणा वाचून गठ्ठे करा. खरी मजा इथेच आहे! पेंग्विन पिसांमुळे पक्ष्यांत जातो, डॉल्फिन दुधामुळे सस्तन प्राण्यांत. मुलांना वाद घालू द्या.

३. आता नकाशा: मोठ्या गठ्ठ्याला मोठी जागा. सीमा पेन्सिलीनेच आखा.

मात्र ‘पाण्यातले प्राणी’ असा विभाग करू नका. मासा, बेडूक, कासव आणि देवमासा हे चार वेगळ्या वर्गांतले आहेत.