घरी बायपॅप लावताय? कोविडची सवय सोडा आणि या चुका टाळा

२०२१ च्या मे महिन्यात दुप्पट पैसे मोजून घेतलेला ऑक्सिमीटर आमच्या घरात अजून आहे आणि आबांच्या आजारपणात आम्हाला सगळ्यात जास्त कुणी फसवलं असेल तर त्या डबीनं. म्हणजे डबी बिचारी खरंच सांगत होती, ९६, ९५, कधी ९७. चूक आमची. कोविडनं आपल्याला एकच शिकवलं, बोट घाल, आकडा बघ, ९४ च्या वर आहे ना, मग झोप निवांत.

आबा म्हणजे माझे वडील. उभा जन्म गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून काढलेला माणूस, मिशी अशी की लांबूनच ओळखू यावी. त्यांना एमएनडी झाला, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज, यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच वाळत जातात. आधी हात गेले, मग मान. श्वास घेणं हे पण स्नायूंचंच काम आहे हे आमच्या डोक्यातच आलं नाही. मी डॉक्टर नाही, कोल्हापूरच्या शाहूपुरीत गाड्यांचे पार्ट विकतो, पण तीन वर्षं त्यांच्या बायपॅपच्या, म्हणजे मास्कमधनं दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या मशीनच्या शेजारी झोपतोय आणि झोप लागत नाही म्हणून रात्री या विषयावरचा रिसर्च वाचत बसतो. तेव्हा खाली जे लिहितोय ते आमच्या चुकांवरनं, सेटिंग मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक, नुसता ऑक्सिजनचा आकडा बघणं

आबांचं डोकं सकाळी उठल्या उठल्या ठणकायचं आणि दहाच्या सुमाराला आपोआप थांबायचं. आम्ही म्हटलं पित्त. सोडा दिला, आवळा दिला, आईनं चहा बंद केला. रात्री चार-पाचदा उठायचे, उताणं झोपलं की घाबरल्यासारखं व्हायचं, दिवसा पेपर वाचता वाचता डुलकी. ऑक्सिमीटर ९६. दोन महिने असेच गेले, मग एका छातीच्या डॉक्टरांनी मनगटातल्या धमनीतनं रक्त घेऊन तपासलं तर कार्बन डायऑक्साइड ५८ निघाला, जो ३५ ते ४५ च्या मधे पाहिजे.

डॉक्टर समजावत होते की फुप्फुसं चांगली आहेत, पण त्यांना हलवणारा भाता दमलाय, त्यामुळं आतली घाण हवा बाहेर पडत नाही. मी मान डोलावत होतो, कळलं नव्हतं. आबांना कळलं. म्हणाले, "आरं म्हंजे काहिलीखालचा जाळ चांगला हाय, धुराडं तुंबलंय." त्यानंतर मला हे कुणी इतकं सोपं सांगितलेलं नाही.

आणि ही चूक करणारे आपण पहिले नाही. १९५२ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली, श्वास अडकलेल्या पहिल्या ३१ पेशंटमधले २७ दगावले. त्यातल्या बऱ्याच जणांचा रंग ऑक्सिजनमुळं चांगला दिसायचा आणि तरी माणूस जायचा. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं ओळखलं की हा ऑक्सिजनचा घोळच नाही, आत कार्बन डायऑक्साइड साठतोय, हवा आतबाहेर करायला पाहिजे. मग गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि रबरी पिशवी हातानं दाबत बसायचं, पाळ्या लावून, दिवसरात्र, जवळजवळ १५०० मेडिकलचे विद्यार्थी या कामाला लागले. मरणारांचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. आज आपल्या पलंगाशेजारी जी डबी फुसफुस करते ना, ती त्या पोरांच्या हाताचंच काम करते.

तर सकाळची डोकेदुखी, उताणं झोपता न येणं, दिवसा झोप, वाईट स्वप्नं, बोलताना वाक्य मधेच तुटणं, यातलं काही असेल तर आकडा बाजूला ठेवा. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजायची तपासणी, बसून आणि झोपून दोन्ही करायला सांगा, झोपल्यावर आकडा बराच पडत असेल तर पडदा, म्हणजे डायफ्रॅम, कमजोर झालाय. त्रास रात्रीच का सुरू होतो तर स्वप्नांच्या झोपेत बाकीचे मदतीला येणारे स्नायू ढिले पडतात आणि सगळा भार एकट्या डायफ्रॅमवर येतो, आणि नेमका तोच थकलेला असतो.

कोविडमधला कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे ऑक्सिजन देणारी मशीन, काढून लावणं

हे तर अर्ध्या कोल्हापुरात होतं. कुणाच्या तरी माळ्यावर मशीन पडलेलंच असतं. आमच्या गल्लीतल्या काकांनी प्रेमानं आणून दिलं, "लाव रे पोरा, दोन लिटरवर ठेव, तेवढाच आराम." आम्ही लावलं. दुसऱ्या दिवशी आबा उठवल्याशिवाय उठेनात. बोटाला लावलं तर ९९!

१९९५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशाच आठ पेशंटबद्दल लिहून ठेवलंय, स्नायूंची कमजोरी आणि डायफ्रॅम अशक्त, मिनिटाला फक्त अर्धा ते दोन लिटर ऑक्सिजन दिला आणि कार्बन डायऑक्साइड सरासरी २८ नं वर गेला. धुराडं तुंबलेलं असताना जाळ वाढवल्यासारखं. ऑक्सिजन कधी लागतच नाही असं नाही, न्यूमोनिया झाला तर लागतो, पण तो बायपॅपच्या जोडीनं आणि मोजून. घरात आपल्या मनानं नाही.

झोपेच्या गोळीचंही तेच. रात्र तळमळत काढली म्हणून मेडिकलमधनं गोळी आणून देऊ नका, तळमळ श्वासामुळं असते आणि काही गोळ्या तोच श्वास आणखी मंद करतात.

सीपॅपला बायपॅप समजणं

दिसायला दोन्ही सारखे, नळी सारखी, मास्क सारखा. सीपॅप एकच दाब धरून ठेवतो, घोरणाऱ्यांचा घसा उघडा राहावा म्हणून. कमजोर माणसाला तो श्वास ओढून देत नाही. बायपॅप श्वास घेताना दाब वाढवतो, सोडताना कमी करतो, म्हणजे भाता दुसरं कुणीतरी हलवतंय. आम्हाला एका विक्रेत्यानं पहिल्यांदा सीपॅप गळ्यात मारला होता, "तेच हो साहेब, जरा स्वस्तात." त्याचं नाव घेत नाही. बायपॅप घेताना पण एसटी मोड आहे का विचारा, म्हणजे पेशंटचा श्वास मशीन ओळखू शकली नाही तर ती ठरलेल्या गतीनं स्वतःहून हवा देते. स्नायू एवढे थकलेले असतात की मशीनला चाहूलसुद्धा लागत नाही.

फार उशीर किंवा उगाच घाई

"मशीन लागली म्हणजे संपलं" हे आमच्या आत्यानं पलंगाशेजारी उभं राहून म्हटलं होतं, आबांना ऐकू जाईल असं. यामुळंच लोक उशीर करतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला एमएनडीच्या ४१ पेशंटवर ट्रायल झाली, २००६ साली छापून आली. २२ जणांना बायपॅप, १९ जणांना नेहमीची काळजी. ज्यांचा घसा-जीभ फार बिघडलेली नव्हती त्यांच्यात बायपॅपवाल्यांचं मिडियन आयुष्य २०५ दिवसांनी जास्त निघालं. घसा पार गेलेल्यांना आयुष्य वाढून मिळालं नाही, पण झोपेचे त्रास कमी झाले.

मिडियन म्हणजे सगळ्यांना रांगेत उभं केलं की मधला माणूस, तुमच्या घरच्या माणसाला दिलेला शब्द नव्हे. मी आबांना हे वाचून दाखवलं तर डोळे मिटून हिशेब केला आणि म्हणाले, "दोनशे पाच म्हंजे सोयाबीन दोनदा निघंल की."

उलट बाजू पण आहे. फ्रान्समध्ये ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या जन्मजात आजाराच्या ७० मुलांवर एक ट्रायल झाली, १९९४ साली छापली. त्रास सुरू व्हायच्या आधीच, खबरदारी म्हणून मशीन लावली. फायदा काहीच नाही, उलट मशीनवाल्या गटात आठ मुलं गेली आणि दुसऱ्या गटात दोन. मशीन आहे म्हणून बाकीकडं दुर्लक्ष झालं असावं असा एक अंदाज तेव्हा मांडला गेला. म्हणून लक्षणं आणि तपासण्या बघूनच ठरवायचं, शेजारच्यांनी घेतली म्हणून नाही.

मास्क, मिशी आणि घंटा

पहिले पंधरा दिवस रात्रभर फुर्रर्र. हवा गळतेय म्हणून आम्ही पट्टे आवळत गेलो, जेवढं आवळू तेवढं जास्त गळायचं, कारण मास्कची गादी चेपली की ती चेहऱ्याला बसतच नाही. नाकाच्या वर लाल वळ, मग जखम. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत एवढंच आवळायचं, आणि पेशंट बसलेला असताना नाही तर त्याला आडवं करून, मशीन चालू ठेवून मास्क लावायचा. आमच्या घरी खरा गुन्हेगार मिशी होती. तंत्रज्ञ म्हणाला काढून टाका. आबांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढं बोललाच नाही. शेवटी नाकपुडीत बसणाऱ्या छोट्या उशांचा मास्क आणला, मिशी जिथल्या तिथं राहिली. तोंडातनं हवा जायची त्याला हनुवटीचा पट्टा.

मास्कवरची बारीक भोकं हवा गळते म्हणून चिकटपट्टीनं बुजवू नका. हसू नका, आमच्या वहिनीनं बुजवली होती. वापरलेली हवा तिथनंच बाहेर जाते, ते धुराडंच आहे.

आणि ज्याचे हात चालत नाहीत त्याला तोंड झाकणारा मास्क लावून दार ओढून झोपायला जाऊ नका. उलटी झाली तर तो मास्क काढणार कसा? आमच्याकडं बैलं विकली तेव्हाची घुंगुरमाळ होती, तिच्यातली एक घंटा पलंगाच्या दांडीला बांधली आणि दोरा आबांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला, कारण तेवढा अंगठा अजून हलतो. एकदा वाजली तर कूस बदल, सारखी वाजली तर पळत ये. मॅचमध्ये विकेट पडली तरी वाजते, ते वेगळं.

ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भांड्यात, डिस्टिल्ड वॉटरच घाला आणि मशीन उशीपेक्षा खाली, स्टुलावर ठेवा, नाहीतर नळीतलं पाणी नाकात येतं. फिल्टर बघत राहा, बस्स.

खोकल्याकडं दुर्लक्ष

याबद्दल आम्हाला वर्षभर कुणी बोललंच नाही. बायपॅप हवा आत घालतो, पण कफ बाहेर काढत नाही. या पेशंटना संपवतो तो बऱ्याचदा साधा सर्दी-पडसा, जोरात खोकता येत नाही म्हणून. खोकल्याचा जोर पीक फ्लो मीटरवर मोजता येतो, मिनिटाला २७० लिटरच्या खाली आला की मदत लागते, १६० च्या खाली तर कफ सुटतच नाही. आबांचा पहिल्यांदा १९० आला. खोकायला मदत करणारी कफ असिस्ट मशीन महाग, पण फिजिओथेरपिस्टनं अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबायची हवेची पिशवी, वापरून एक युक्ती शिकवली. एक श्वास भरायचा, सोडायचा नाही, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, छाती पूर्ण फुगली की मग खोक, आणि त्याच क्षणी आपण पोटावर दोन्ही तळव्यांनी वर दाबायचं. सकाळ-संध्याकाळ, पण जेवण झाल्या झाल्या नाही. हे व्हिडिओ बघून करू नका, समोर उभं राहून शिका, आणि पूर्वी कधी फुप्फुसातनं हवा गळून छातीत साठली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पावसाळ्यात शिंकणारे पाहुणे दारातनंच परत. मी वाईटपणा घेतलाय, तुम्हीही घ्या.

लाइटचं वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर बघितलेल्या गावात दोन तासांच्या बॅटरीवर भरवसा ठेवायचा नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या, लाइट गेली की ह्युमिडिफायरचा हीटर बंद करा, बॅटरी तोच खातो. पाण्याची पातळी वाढायला लागली की पहिल्या दिवशीच पेशंटला उंचावरच्या नातेवाइकांकडं हलवा, बोट यायची वाट बघू नका.

अर्धवट रिसर्चवर उड्या मारणं

पुण्याच्या आत्तेभावानं एकदा व्हिडिओ पाठवला, डायफ्रॅमला पेसमेकर बसवतात, वीज देऊन हलवतात, "दादा, खर्च मी करतो." ऐकायला किती बरोबर वाटतं बघा. पण इंग्लंडमध्ये एमएनडीच्या ७४ पेशंटवर त्याची ट्रायल झाली, २०१५ मध्ये निकाल आला. नुसत्या बायपॅपवाल्यांचं मिडियन आयुष्य २२.५ महिने, पेसर आणि बायपॅप दोन्ही असलेल्यांचं ११. निम्मं! भरतीच मधे थांबवावी लागली होती. काही ठरावीक मणक्याच्या दुखापतीत पेसर उपयोगी पडतो, व्हिडिओ बहुतेक तसल्या पेशंटचा होता. आजार कोणता, पेशंट कसले, कुणाशी तुलना केली, एवढं तरी बघा.

तुम्हाला कुणी ट्रायलमध्ये यायला विचारलं तर घाबरू पण नका आणि लगेच सही पण करू नका. भारतात ट्रायल सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदवणं २००९ पासून सक्तीचं आहे, नंबर मागा, फुकट शोधता येतो. संमतीचा कागद मराठीत मागा, घरी आणा, पेशंटला वाचून दाखवा. मधनं कधीही बाहेर पडता येतं, त्यामुळं नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

शेवटचं, १०८ ला फोन करायची वेळ आली तर बायपॅप, मास्क आणि वायर सोबत घ्या. येणारा मुलगा आकडा कमी बघून आधी ऑक्सिजनच लावणार, त्याची चूक नाही. आम्ही डॉक्टरांची सही घेऊन एक कार्ड केलंय, एक फ्रिजवर, एक माझ्या पाकिटात. त्यावर एवढंच आहे: "पेशंटला एमएनडी आहे. श्वासाचे स्नायू कमजोर, कार्बन डायऑक्साइड साठतो. ऑक्सिजन लागलाच तर बायपॅपसोबत, ८८ ते ९२ पर्यंतच. बोलता येत नाही, पण सगळं कळतं, त्यांनाच विचारा."