सायबर सिक्युरिटीत यायचंय? आधी एक जुना बग मुळापासून वाचा

नाशिकमध्ये राहून सिक्युरिटीत काम मिळतं का, की पुणे-बंगळूर गाठावंच लागतं, असं कॉलेज रोडवरची इंजिनिअरिंगची मुलं मला हमखास विचारतात. मी सातपूरला एका छोट्या कंपनीत पेमेंटचं सॉफ्टवेअर तपासतो. माझं सांगणं एवढंच, की महागडा कोर्स लावण्याआधी दुरुस्त होऊन गेलेला एखादा बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, नीट वाचून काढा.

मी सुरुवात बिटकॉइनपासून करायला सांगतो. १५ ऑगस्ट २०१० रोजी ७४६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या गठ्ठ्यात, एक व्यवहार शिरला. आत आला अर्धा बिटकॉइन आणि बाहेर गेले दोन पत्त्यांवर प्रत्येकी ९,२२३ कोटींहून जास्त! मुळात बिटकॉइन निघणारच आहेत २.१ कोटी. रकमा सातोशीत, म्हणजे बिटकॉइनच्या सर्वांत लहान एककात, ६४ बिटांच्या पूर्णांकात ठेवलेल्या असतात. दोन्ही रकमा त्याच्या कमाल मर्यादेच्या जेमतेम आत होत्या, पण त्यांची बेरीज मर्यादेबाहेर जाऊन उणे ९,९७,५३८ सातोशी झाली. बाहेर जाणारी रक्कम आत आलेल्यापेक्षा जास्त नको, एवढंच बघितलं जायचं. उणे बेरीज अर्ध्या बिटकॉइनपेक्षा कमीच, म्हणून व्यवहार पास. काही तासांत बिटकॉइन सॉफ्टवेअरची ०.३.१० आवृत्ती आली. तिच्यात प्रत्येक रक्कम आणि चालू बेरीज, दोन्ही २.१ कोटींच्या आत आहेत का हे तपासलं जाऊ लागलं.

ही बेरीज स्वतः करून बघा. पायथनमध्ये ती बरोबरच येईल, कारण तिथे पूर्णांकाला अशी मर्यादा नसते. सी प्लस प्लसमध्ये ६४ बिटांचा साइन्ड इंटिजर (उणे संख्याही मावणारा पूर्णांक) घ्या, ९२२३३७२०३६८५४२७७०३९ मध्ये तेवढेच मिळवा. बहुतेक मशीनवर उत्तर उणे येईल. मग कंपायलरचा अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना अशा चुका पकडणारी सोय) लावून पुन्हा चालवा, तो चुकीची ओळ दाखवतो. भाषा आतून कशी चालते हे अशाने कळतं, नुसत्या स्लाइड बघून नाही.

मग बिटकॉइनचाच सप्टेंबर २०१८ चा बग घ्या. एकाच व्यवहारात तेच नाणं दोनदा खर्चलंय का, ही तपासणी वेग वाढवण्यासाठी ब्लॉक पडताळताना वगळली होती, ०.१६.३ आवृत्तीत ती परत आली. मला हा बग जास्त धडकी भरवतो, कारण ती तपासणी अनुभवी लोकांनी विचार करूनच काढली होती.

प्रयोग स्वतःच्या लॅपटॉपवर, रेगटेस्ट मोडमध्येच, म्हणजे बिटकॉइनच्या चाचणीसाठीच्या खासगी नेटवर्कवरच करा. तिथे खरे पैसे नसतात. कोणाच्या वॉलेटला परवानगीशिवाय हात लावू नका, आयटी कायद्याचं कलम ६६ लागतं. मुलाखतीत मी सर्टिफिकेट नंतर बघतो. आधी विचारतो, ‘दुरुस्तीत कोणती ओळ बदलली, आणि का?’