मशीनवर रुपये दिसले तरी चलन तिथलंच निवडा

सिंगापूरहून ठाण्याला परतलो आणि कार्डाचं स्टेटमेंट पाहून धक्काच बसला. हॉटेलात मशीनने रुपयांत भरणार का विचारलं, आई म्हणाली, "आपले रुपयेच बरे," आणि मी हो केलं. तिथेच चुकलं. रुपयांचा तो दर आपली बँक ठरवत नाही, समोरच्या मशीनवाल्यांकडून येतो आणि त्यात त्यांचा नफा मिसळलेला असतो. वर माझ्या बँकेने परदेशी व्यवहाराचं शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लावलाच! नौपाड्याच्या शाखेत गेलो, पण रुपयांच्या पावतीवर माझीच सही होती, त्यामुळे काही करता आलं नाही.

पुढे दुबईत प्रत्येक वेळी दिरहमच निवडले. एका दुकानदाराने मला न विचारता मशीनवर रुपये निवडले, तेव्हा व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावला. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथे 'विदाउट कन्व्हर्जन' (म्हणजे रुपयांत न बदलता) दाबा.