हॉटेल बघायला जाताना टेप सोबत ठेवा

अपंग प्रवाशांच्या सहली आखण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आधी मोजायचा टेप घ्यायला सांगते. ‘आमच्याकडे व्हीलचेअरची सगळी सोय आहे’ असं हॉटेलवाला फोनवर सांगतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याने दारातला रॅम्प पाहिलेला असतो, एवढंच.

रॅम्पचा सर्वसाधारण निकष १:१२, म्हणजे १५ सेंमीच्या पायरीला १८० सेंमी लांबी. जागा नाही म्हणून तो मीटरभरात उरकला असेल, तर तो सामानाच्या ट्रॉलीसाठी आहे असं समजा. दाराची रुंदी पल्ला पूर्ण उघडून मोजा, नुसत्या चौकटीची नको.

खरा वेळ द्यायचा तो बाथरूमला. खुर्ची वळायला १५० सेंमीचं मोकळं वर्तुळ लागतं. कमोडच्या कोणत्या बाजूला जागा आहे, डाव्या की उजव्या, हे टिपून घ्या. काहींना खुर्चीतून कमोडवर एकाच बाजूने सरकता येतं. आणि नेमक्या त्याच जागेत कचऱ्याचा डबा ठेवलेला असतो! मदतीच्या घंटेची दोरी जमिनीपर्यंत लोंबायला हवी, कारण ती पडलेल्या माणसाच्या हाताला लागली पाहिजे. फरशी पुसताना अडचण नको म्हणून ती बऱ्याचदा वर गुंडाळलेली सापडते.

पलंगाची उंची मोजाच, पण खाली वाकूनही बघा. माणसाला उचलून पलंगावर ठेवणाऱ्या यंत्राचे, म्हणजे होइस्टचे, पाय आत जायला पोकळी लागते. बंद पेटीचा पलंग तिथे निरुपयोगी.

पाहुण्याशी बोलताना ‘काय झालंय?’ विचारू नका. आजाराच्या नावावरून खोली ठरत नाही. किती पायऱ्या चढता येतात, गाडीच्या सीटवर स्वतः सरकता येतं का, खुर्ची घडीची की बॅटरीची, हे विचारा. बॅटरीची असेल तर तिचा प्रकार, वजन, मापं विमान कंपनीला आधीच कळवावी लागतात. कुबड्या वापरणाऱ्याला कदाचित रॅम्पपेक्षा कठडा आणि वाटेत बसायला बाक जास्त हवा असेल.

अपंगांच्या हक्कांबद्दलच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं कलम ३० (विरंगुळा, पर्यटन यांतला सहभाग) आणि सर्वांना सोयीच्या पर्यटनाचं २०२१ चं आयएसओ २१९०२ हे आंतरराष्ट्रीय मानक, दोन्ही चाळून ठेवा; मालकाशी वाद घालताना उपयोगी पडतात.

माहिती देताना ‘सुगम्य’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. ‘मुख्य दाराशी एक पायरी, १२ सेंमी, बाथरूमचं दार ७४ सेंमी’ असं लिहा, फोटो जोडा. जमेल की नाही, ते पाहुणा ठरवेल. निघण्याच्या दोन दिवस आधी लिफ्ट चालू आहे का ते विचारा, आणि बंद असेल तर त्याच फोनवर तळमजल्यावरची खोली मागून घ्या.