पीजीबाउन्सरची तपासणी सैल करताना काय सोडावं, काय सोडू नये

हिंजवडी-खराडीत जावा ॲप आणि पोस्टग्रेस डेटाबेस ही जोडी जागोजागी दिसते. युजर वाढले की मध्ये पीजीबाउन्सर (डेटाबेसची मोजकी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा प्रोग्राम) बसवतात, ॲपमध्ये ५४३२ ऐवजी ६४३२ पोर्ट देतात आणि पहिल्याच कनेक्शनला एरर येते: ‘अनसपोर्टेड स्टार्टअप पॅरामीटर: एक्स्ट्रा_फ्लोट_डिजिट्स’. म्हणजे कनेक्शन जोडताना ॲपने पाठवलेली ही सेटिंग (दशांश संख्या किती अंकांपर्यंत द्यायच्या ते ठरवणारी) पीजीबाउन्सर तपासतो आणि नाकारतो.

यात बिघाड काही नाही. सर्व्हरचं एकच कनेक्शन आळीपाळीने अनेकांना द्यायचं असतं. म्हणून टाइमझोन, डेटस्टाइल यांसारख्या, ज्यांचा माग ठेवता येतो तेवढ्याच सेटिंग पीजीबाउन्सर स्वीकारतो. बाकीच्यांना नकार.

आधी लॉगमधून पॅरामीटरचं नेमकं नाव घ्या. मग पीजीबाउन्सर.आयएनआय फाइलच्या ‘पीजीबाउन्सर’ विभागात ‘इग्नोअर_स्टार्टअप_पॅरामीटर्स’ समोर ते लिहा. अनेक असतील तर स्वल्पविराम द्या. पीजीबाउन्सरच्या ॲडमिन कन्सोलवर ‘रीलोड’ चालवा आणि ‘शो कॉन्फिग’ने खात्री करा. रीस्टार्टची गरज नाही, चालू कनेक्शन तुटत नाहीत.

पण इग्नोअर म्हणजे ॲपने मागितलेली किंमत लागूच होत नाही, आणि ॲपला ते कळतही नाही. एक्स्ट्रा_फ्लोट_डिजिट्सला हरकत नाही, कारण पोस्टग्रेस १२ पासून दशांश संख्या मुळातच पूर्ण अचूक येतात. त्याआधीची आवृत्ती असेल तर ‘ऑल्टर डेटाबेस’ने ती किंमत डेटाबेसवरच ३ करा.

सर्च_पाथ (टेबल कोणत्या स्कीमात, म्हणजे डेटाबेसमधल्या कोणत्या कप्प्यात, शोधायचं ते ठरवणारी सेटिंग) मात्र या यादीत कधीही टाकू नका. समजा एका क्लासच्या कोथरूड आणि हडपसर शाखांसाठी वेगळे स्कीमा आहेत, टेबलांची नावं तीच. सर्च_पाथ गाळला गेला, तर कोथरूडच्या विद्यार्थ्याची फीची पावती भलत्याच शाखेत नोंदली जाऊ शकते, आणि एररही येणार नाही. कनेक्शन नाकारलं गेलं तर निदान लगेच समजतं. ही चुकीची नोंद मात्र ऑडिटलाच सापडेल.

त्यावर माझ्या मते चांगला उपाय म्हणजे शाखेगणिक वेगळा डेटाबेस युजर. ‘ऑल्टर रोल’ने प्रत्येकाचा सर्च_पाथ ठरवून द्या आणि ॲपमधून तो पाठवणं बंद करा. पीजीबाउन्सर प्रत्येक युजर-डेटाबेस जोडीला स्वतंत्र पूल (कनेक्शनचा साठा) देतो, त्यामुळे सरमिसळ होत नाही. फक्त हिशोब बघा: डिफॉल्ट पूल २० कनेक्शनचा, पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादा १०० कनेक्शनची. पाच शाखांतच ती संपते, तेव्हा ‘डिफॉल्ट_पूल_साइज’ आधीच कमी करून ठेवा.