पोरगा चांगला आहे, पण ठेवायचा का?

माझी एकतीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात पगारपत्रकं काढण्यात गेली. बास्केटबॉल त्याच्याही आधीपासूनचा, कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टावरचा. निवृत्तीनंतर दोन्ही एकत्र आलं. पहाटे उठून एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, सामने बघायचे आणि दोनशे पानी वहीत कुठल्या संघाने कोणाला ठेवावं याचा हिशेब मांडायचा. भाचा म्हणतो, "मामा, हे सगळं मोबाईलवर तयार मिळतं." मिळत असेल, पण स्वतः आखलेल्या रकान्यांत गळती कुठे आहे ते मला लगेच दिसतं.

हा हिशेब कसा मांडायचा ते सांगतो. उदाहरणाला एकच क्लब घेतो, ओक्लाहोमा सिटी थंडर. चांगला तरुण खेळाडू ठेवायचा की सोडायचा, हा एकच प्रश्न त्यांच्यापुढे दोनदा आला. २०१२ मध्ये त्यांनी तो चुकीचा सोडवला आणि पुढच्या खेपेला बराचसा बरोबर सोडवला, असं माझं मत.

वहीचं पहिलं पान पगाराचं. इथे डॉलर लिहू नका, टक्के लिहा. डॉलर दरवर्षी फुगतात, त्यामुळे पाच वर्षांनंतरचा आकडा बघून उगाच डोळे पांढरे होतात. २०२५-२६ ची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे. सहा वर्षांपर्यंत खेळलेल्याला जास्तीत जास्त त्याच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षंवाल्याला ३० आणि दहा वर्षं झालेल्याला ३५ टक्के मिळू शकतात. मोठे पुरस्कार मिळवणाऱ्याला वरची पायरी लवकर मिळते. कॅप ओलांडता येते, पण किती? त्या हंगामाची 'सेकंड एप्रन' म्हणून जी रेषा आहे ती २० कोटी ७८ लाखांवर, म्हणजे कॅपच्या साधारण १३४ टक्क्यांवर. ती ओलांडली की अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा माणूस आणता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट हक्क (ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं) गोठतो, अदलाबदलीत देता येत नाही. जादा पगारावरचा टॅक्स मालक भरेल हो, पण हे हातपाय बांधलेले कोण सोडवणार? बोस्टनने २०२४ मध्ये विजेतेपद मिळवलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात ज्रू हॉलिडेला पोर्टलंडला, पोरझिंगिसला अटलांटाला धाडलं. दोघे काही एका वर्षात खेळ विसरले नव्हते.

आता थंडरचं पान. २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी इंडियानाला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात हरवलं. आपल्याकडे सोमवारची पहाट होती आणि माझा चहा तसाच गार झाला. त्यानंतर महिन्याभरात तिघांचे करार वाढवले: शे गिल्जस-अलेक्झांडर ४ वर्षं, सुमारे २८ कोटी ५० लाख, जेलन विल्यम्स ५ वर्षं, २८ कोटी ७० लाखांपर्यंत, चेट होल्मग्रेन ५ वर्षं, २५ कोटींपर्यंत. डॉलरमध्ये वाचलं तर छाती दडपते. टक्क्यांत मांडा: ३५ अधिक २५ अधिक २५, म्हणजे ८५. एप्रनच्या १३४ मधून ते वजा केले की उरले ४९, आणि पंधरा जणांच्या संघातली माणसं उरली बारा. डोई चार टक्के. लांब पल्ल्याचा सगळा निर्णय या चार टक्क्यांत आहे. चौथ्या माणसाला १५ टक्के दिलेत तर बाकी अकरा जणांना तीन-तीन टक्के येतात, आणि तीन टक्क्यांत फक्त ड्राफ्टमधली कोवळी पोरं किंवा उतरणीला लागलेले जुने गडी मिळतात.

म्हणून करार किती रकमेचा याइतकंच तो कधी संपतो हेही बघा. थंडरच्याच ल्यू डॉर्ट आणि आयझया हार्टेनस्टाइन या दोघांच्या करारांचं शेवटचं वर्ष, २०२६-२७, क्लबच्या मर्जीवर आहे, आणि विल्यम्स व होल्मग्रेनचे मोठे पगार नेमके त्याच वर्षी सुरू होतात. हा योगायोग नाही. आमच्याकडे वेतनवाढ आणि निवृत्त्या एकाच तिमाहीत बसवणारे एक साहेब होते, त्यांची आठवण आली.

दुसरा रकाना वयाचा. आजचं वय लिहू नका, करार संपतानाचं लिहा. शेचा वाढीव करार २०२७-२८ ला सुरू होतो, तेव्हा तो २९ चा असेल आणि संपताना तेहतिशीच्या उंबरठ्यावर. चालेल. ॲलेक्स करुसोला त्यांनी ४ वर्षांचे ८ कोटी १० लाख दिले, तो करार संपेल तेव्हा गडी ३५ चा. माझ्या वहीत तिथे लाल खूण आहे. भाच्याशी यावरून भांडण झालं. त्याच्या मते करुसोचा डिफेन्स डोक्यातून येतो, पायातून नाही. बघू.

तिसरा रकाना हक्काचा, आणि बहुतेक चाहते इथेच गोंधळतात. खेळाडू तुमच्याकडे सलग तीन हंगाम राहिला की कॅप ओलांडूनही त्याला ठेवता येतं. लॅरी बर्डच्या नावाने हा हक्क ओळखला जातो. तीन हंगाम भरले नसतील तर प्रेम असून उपयोग नाही. डेनव्हरने २०२३ ला विजेतेपद मिळवलं त्यात ब्रूस ब्राउनचा वाटा मोठा होता. पण तो आला होता एकाच वर्षापूर्वी, त्यामुळे क्लब त्याला जेमतेम ७८ लाख देऊ शकत होता. इंडियानाने २ वर्षांचे ४ कोटी ५० लाख पुढे केले. तुम्ही काय केलं असतं? तेव्हा 'ठेवायचा का' याच्या आधी 'ठेवता येईल का' हे लिहून टाका, अर्धी चर्चा वाचते.

आता चौथा रकाना, खेळाचा. यातच मी तोंडावर आपटलो.

जोश गिडी २०२१ च्या ड्राफ्टमध्ये सहावा. सहा फूट आठ इंच, आणि पास असे की समोरच्याला बॉल गेल्यावर कळावं. २०२२ च्या जानेवारीत त्याने ट्रिपल-डबल (एका सामन्यात गुण, रिबाउंड, असिस्ट अशा तीन गोष्टींत दोन आकडी संख्या) केला, तेव्हा इतक्या कमी वयात तो कोणीच केला नव्हता. मी पेनाने लिहिलं: ठेवा. २०२४ च्या प्लेऑफ्समध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, डॅलसने साधी गोष्ट केली, त्याला मोकळं सोडलं. तो कोपऱ्यात उभा आणि त्याच्यावर नेमलेला डिफेंडर रिंगखाली शेची वाट अडवून. मार थ्री, लांबून तीन गुणांचा शॉट, मारायचा तितका मार. मालिका संपेपर्यंत गिडी सुरुवातीच्या पाचांत राहिला नव्हता, आणि जून संपेपर्यंत शिकागोत होता, करुसोच्या बदल्यात. तिथे त्याला नंतर ४ वर्षांचे १० कोटी मिळाले. म्हणजे खेळाडू वाईट नव्हता. शेच्या शेजारी तो बसत नव्हता एवढंच, कारण बॉल एकच असतो आणि थंडरमध्ये तो बहुतेक वेळ शेच्या हातात असतो.

तेव्हापासून मी एक गोष्ट नेमाने करतो, तुम्हीही करा. सामना दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद करा आणि एक पूर्ण क्वार्टर, बारा मिनिटं, एकाच खेळाडूवर नजर ठेवा. बॉल त्याच्याकडे नसताना. बॉल दुसऱ्या बाजूला गेला की व्हिडिओ थांबवा आणि त्याच्यावरच्या डिफेंडरचे पाय बघा. हात नका बघू, हात फसवतात. पाऊल खेळाडूकडे वळलेलं आहे, अंतर हातभर आहे, तर समोरच्या कोचला त्याची भीती आहे. दोन्ही पावलं रिंगकडे आणि मध्ये अख्खी खोली मावेल एवढी जागा, तर प्लेऑफ्समध्ये काय होणार ते तुम्हाला कळलं. मी अशा दहा थांब्यांची मोजणी करतो. सहाच्या वर वेळा माणूस जवळ असेल तर बरोबरची खूण.

आता कोणी म्हणेल, एका मालिकेवरून माणूस सोडायचा? मग जेम्स हार्डनचं काय?

बरोबर आहे, २०१२ तेच सांगतं. हार्डन तेव्हा २३ वर्षांचा, वर्षाचा सर्वोत्तम सहावा खेळाडू, म्हणजे बाकावरून येणाऱ्यांत पहिला. मायामीविरुद्धच्या अंतिम मालिकेत तो ढेपाळला, सरासरी १२.४ गुण. ड्युरँट आणि वेस्टब्रुक मोठ्या पगारावर होतेच, ऑगस्टमध्ये त्यांच्याच संघातल्या इबाकाचाही करार झाला आणि पुढच्या वर्षापासून टॅक्स कडक होणार होता. बातम्यांतले आकडे धरले तर क्लबची तयारी आणि कमाल पगार यांत चार वर्षांत मिळून ५० लाख डॉलरच्या आसपास फरक होता. २७ ऑक्टोबरला त्याला ह्यूस्टनला पाठवलं. तिथल्या पहिल्याच सामन्यात ३७ गुण, १२ असिस्ट. २०१८ ला तो एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. बदल्यात आलेला केव्हिन मार्टिन वर्षभरात निघून गेला; एका ड्राफ्ट हक्कातून स्टीव्हन ॲडम्स मिळाला, तेवढाच दिलासा. आणि थंडर पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले ते थेट २०२५ ला.

मग गिडी आणि हार्डनमध्ये फरक कुठे? ती मालिका मी परत काढून बघितली. हार्डनचे शॉट चुकत होते, पण त्याला मोकळं कोणी सोडत नव्हतं. पाय त्याच्याकडेच वळलेले. चुकलेला शॉट ऑक्टोबरपर्यंत परत बसतो. प्रतिस्पर्ध्याने तुमची दखल घेणंच सोडलं तर तो रोग वेगळा, आणि बरा व्हायला वर्षं लागतात. शिवाय स्वतःचा शॉट स्वतः तयार करणारा तेविशीतला पोरगा चार टक्क्यांत तर सोडाच, वीस टक्क्यांतही बाजारात मिळत नाही. त्याच्यासाठी टॅक्स भरा, इबाकाला विका, काय वाटेल ते करा. डिफेन्स करणारे, कोपऱ्यातून थ्री टाकणारे मिळतात. डॉर्टला २०१९ च्या ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंसुद्धा नव्हतं.

स्वभाव, ड्रेसिंग रूम, दुखापतीचे अहवाल हे रकाने मी आखत नाही. घरी बसून त्यातलं खरं काही कळत नाही, आणि क्लबला कळतं ते ते सांगत नाहीत.

सध्या माझ्या वहीत अर्धवट आहे ते कॅसन वॉलेसचं पान. २०२३ चा दहावा ड्राफ्ट, डिफेन्स चिवट. २०२६ च्या उन्हाळ्यात त्याचा करार वाढवायची मुभा मिळते, आणि नवा पगार लागू होणार २०२७-२८ ला, म्हणजे शेचे ३५ टक्के सुरू होतात त्याच वर्षी. चार टक्क्यांत तो बसणार नाही हे उघड आहे. दहापैकी किती वेळा माणूस जवळ, याची मोजणी तीन सामन्यांची झालीय: पाच, सात, चार. या खेपेला पेन्सिलने लिहितोय.